सुट्टीच्या बॅचला गेमचा सर्व्हर शिकवावा का?

"ताई, साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझा कॉम्प्युटर क्लास आहे. एमएस-सीआयटी, टॅली, टायपिंग आणि उन्हाळ्यात दहावी-बारावी झालेल्या पोरांची सुट्टीची बॅच. यंदा पोरांनी हट्ट धरलाय, 'सर, एक्सेल नको, गेमचा स्वतःचा सर्व्हर कसा काढायचा ते शिकवा.' मला नेटवर्किंग येतं, शिकवू शकेन. पण बॅचमधला अकरावीचा एक पोरगा कुठूनतरी एका जुन्या कोरियन गेमच्या तयार सर्व्हर फाइली उतरवून घरच्या पीसीवर सर्व्हर चालवतो आणि 'व्हीआयपी' करून देतो, म्हणजे गेममध्ये जादा सवलती देतो, म्हणून लोकांकडून पन्नास-शंभर रुपये यूपीआयवर घेतो. आता एन्ट्री फी घेऊन टुर्नामेंट काढायचं म्हणतोय. हटकलं तर म्हणाला, 'कमवा आणि शिका चाललंय सर.' पुण्यात नोकरीला असलेला माझा जुना विद्यार्थी बजावतोय की नवख्यांच्या हातात सर्व्हर देऊच नका, आधी लिनक्स, नेटवर्किंग, डेटाबेस पक्कं होऊ दे. आणि एका पालकांनी तोंडावर विचारलं, 'गेम शिकवायची फी भरायची का आम्ही?' शिकवू की नको? आणि त्या पोराचं काय करू?"

– सातारचे एक क्लासवाले सर

नमस्कार सर,

शिकवा. उत्तर एवढंच आहे. पण तुमच्या पत्रात दोन निराळी कामं एकाच नावाखाली आलीत आणि सगळा घोळ तिथेच आहे, म्हणून जरा लांबण लावते.

काही गेम असे आहेत की बनवणाऱ्यानेच सर्व्हरचा, म्हणजे गेमचं जग चालवून खेळाडूंना त्यात जोडणारा, प्रोग्रॅम लोकांच्या हाती दिलाय. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती, टेरेरिया, फॅक्टोरिओ, व्हॅलहाइम, काउंटर-स्ट्राइक. आपल्या मशीनवर चढवा, मित्रांना बोलवा, खेळा, अशी कंपनीनेच करून ठेवलेली सोय. दुसरीकडे असे गेम आहेत ज्यांचा सर्व्हर कंपनी कुणालाच देत नाही. तिथे बाहेरचा कुणीतरी कंपनीतून बाहेर फुटलेल्या फाइलींवर, किंवा गेम उकलून नव्याने लिहिलेल्या कोडवर, तोच गेम घरून चालवतो. तुमचा अकरावीवाला या दुसऱ्या गोटातला. बाकीच्या पोरांना हा फरक ठाऊकही नसावा. त्यांना आपल्या टोळीचं एक जग हवंय, जिथे बाहेरचा कुणी येऊन आईबहिणीवरून शिव्या देणार नाही. मागणी रास्त आहे आणि ती पहिल्या प्रकारात पुरी होते.

पुण्याच्या विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण मला ते अर्धंच पटतं. पोर्ट म्हणजे मशीनमधल्या एखाद्या प्रोग्रॅमपर्यंत पोचायचं क्रमांकाचं दार, हे फळ्यावर लिहून दिलं की पोरं पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. शेजारच्या खुर्चीवरचा मित्र आपल्या सर्व्हरमध्ये येऊ शकत नाही आणि सगळी बॅच आपल्याकडे बघतेय, अशा वेळी समजलेला पोर्ट जन्मात विसरत नाही. नवखेपणा हा काही दोष नव्हे. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी जगासाठी दार उघडायला लावणं हा दोष, आणि तेवढ्यापुरता तो विद्यार्थी शंभर टक्के बरोबर आहे. त्याच्याकडे मी परत येते, कारण तो तुम्हाला लागणार आहे.

पहिल्या दिवशी प्रोजेक्टरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चढवा. सर्व्हरची फाइल कंपनीच्या साइटवर फुकट मिळते. योग्य आवृत्तीचं जावा टाकायचं, फाइल रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि काळ्या खिडकीतून चालू करायची. चार ओळी येतात आणि सर्व्हर गपकन बंद पडतो. पोरं ओरडणार, "सर, एरर!" एरर वगैरे काही नसते. फोल्डरमध्ये 'युला' नावाची एक टेक्स्ट फाइल तयार झालेली असते आणि तिच्यात शेवटी लिहिलेलं असतं, युला बरोबर फॉल्स. करार वाचा, मान्य असेल तर फॉल्सचं ट्रू करा, मग पुढे या. यूट्यूबवरचे व्हिडिओ हे पाच सेकंदांत उरकतात. तुम्ही उरकू नका. अर्धा तास त्यावर घालवा. करार पडद्यावर उघडा आणि एकेका पोराला एकेक परिच्छेद वाचून मराठीत सांगायला लावा. काय करायची मुभा आहे, काय विकायचं नाही, कंपनीचं नाव-चिन्ह कुठे लावायचं नाही, हे सगळं तिथे आहे. आजवर या पोरांनी हजार वेळा 'आय अ‍ॅग्री' दाबलं असेल, पण त्याआधी एक ओळ वाचली असेल तर शपथ. सर्व्हर चालवणाऱ्याचं पहिलं काम हेच आहे, आणि ते इतक्या आयत्या रीतीने समोर येतं की न वापरणं म्हणजे हातचं घालवणं.

त्याच फोल्डरात 'सर्व्हर प्रॉपर्टीज' नावाची फाइल असते. तीही दाखवा. तिच्यात 'ऑनलाइन मोड' अशी एक ओळ आहे. ती फॉल्स केली की विकत न घेतलेले गेमही आत येऊ शकतात, म्हणून आपल्याकडे सगळे पहिला हात तिलाच लावतात. त्याचा परिणाम कुणी सांगत नाही. ती ओळ बदलली की आलेला माणूस खरोखर तोच आहे का, याची तपासणीच थांबते. मग कुणीही कुणाचंही नाव लावून आत येतो, अगदी तुमचं अ‍ॅडमिनचं नाव लावूनसुद्धा, आणि आल्यावर त्याच्या हाती अ‍ॅडमिनचे सगळे अधिकार. क्लासमध्ये हे करून दाखवायची गरज नाही, सांगितलं तरी पोरांचे डोळे मोठे होतील.

प्रत्येकाकडे विकतचं माइनक्राफ्ट असणार नाही. म्हणून रोजच्या सरावाला मी 'लुआंटी' घेईन. पूर्वी याला माइनटेस्ट म्हणायचे, २०२४ च्या ऑक्टोबरात नाव बदललं. मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, तुमच्या टॅलीच्या जुन्या मशीनवरही चालतं आणि अँड्रॉइड फोनवरूनही खेळता येतं. ठोकळ्यांचंच जग, खोदा आणि बांधा. आत खेळायचा गेम वेगळा उतरवावा लागतो, तो त्याच्याच मेनूतून मिळतो. एका मशीनवर सर्व्हर, बाकी सगळे क्लासच्या वायफायवरून आत. इंटरनेटची तार काढून ठेवलीत तरी चालेल. काढाच, पहिले काही दिवस.

यानंतर तुम्हाला फारसं शिकवावंही लागणार नाही. सर्व्हर पहिल्यांदा चालू झाला की विंडोजची फायरवॉल एक चौकट पुढे करते, खाजगी नेटवर्कला परवानगी द्यायची की सार्वजनिक. पोरगं न वाचता कुठेतरी दाबतं आणि कुणालाच आत येता येत नाही. किंवा सोमवारी ज्या पत्त्यावर सगळे आले, तो मंगळवारी लागत नाही, कारण राउटरने त्या मशीनला रातोरात दुसरा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिलेला असतो. डीएचसीपी, म्हणजे राउटरने पत्ते वाटायची रीत, शिकवायला याहून चांगली वेळ येणार नाही. लुआंटीचा पोर्ट ३००००, तो यूडीपी, म्हणजे माहिती पोचली का याची वाट न बघणारा. माइनक्राफ्ट जावाचा २५५६५, तो टीसीपी, म्हणजे पोच घेत पाठवणारा. दोन्ही प्रकार एकाच आठवड्यात समोर आले की फरक विचारायला पोरं स्वतःहून येतील. माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर थोडी गर्दी केली की काळ्या खिडकीत 'कान्ट कीप अप' अशी तक्रार उमटते. सर्व्हरला एका सेकंदात वीस फेऱ्या पुऱ्या करायच्या असतात आणि मशीन मागे पडलेलं असतं. तेव्हा टास्क मॅनेजर उघडून द्या आणि रॅम कुठे गेली, प्रोसेसर कुठे अडला, ते पोरांनाच शोधू द्या.

एक दिवस बॅकअपसाठी राखून ठेवा. आदल्या दिवशीच्या जगाची नक्कल दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायला सांगा आणि मग मूळ फोल्डर सगळ्यांसमोर उडवा. आरडाओरडा होऊ द्या. ज्याने नक्कल केली म्हणून सांगितलं त्याला पुढे बोलवा आणि जग परत उभं करायला लावा. निम्म्यांची नक्कल अर्धवट निघेल, कुणी शॉर्टकटच कॉपी केलेला असेल. परत उभं करून पाहिल्याशिवाय कुठल्याही बॅकअपला बॅकअप म्हणू नये, हे मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांनाही नोकरी धोक्यात आल्यावर कळतं. साताऱ्यात वळवाच्या पावसात वीज जातेच, तेव्हा सर्व्हर नीट 'स्टॉप' करून बंद करणं आणि अचानक मरणं यातला फरकही दाखवा. वीज जाण्याची वाट बघायला नको, टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम मारला की तेच होतं. शेवटच्या काही मिनिटांतलं काय टिकलं, काय गेलं, ते जगात फिरून बघायचं.

मला स्वतःला यातला सर्वांत मोलाचा भाग तांत्रिक वाटत नाही, माणसांचा वाटतो. दोन दिवसांत कुणीतरी कुणाचं घर खोदून टाकणार. ज्याचं खोदलं तो चिडणार, अ‍ॅडमिन आपल्या मित्राची बाजू घेणार. लुआंटीत प्रत्येक खेळाडूचे अधिकार वेगवेगळे देता-काढता येतात. 'इंटरॅक्ट' काढलं की तो नुसता बघत फिरतो, कशाला हात लावू शकत नाही. 'शाउट' काढलं की बोलता येत नाही. रोलबॅकची, म्हणजे झालेले बदल मागे फिरवायची, नोंद आधी चालू ठेवली असेल तर कुणी काय तोडलं तेही सापडतं. पण अधिकार कधी काढायचे, किती दिवस, कुणाला विचारून, हे प्रोग्रॅम सांगत नाही. नियम पोरांनाच लिहायला लावा आणि अ‍ॅडमिन दर दोन दिवसांनी बदला. ज्याने घर खोदलं त्यालाच पुढचा अ‍ॅडमिन केलंत तर मजा येईल. बॅचमध्ये मुली असतील तर त्यांच्या हाती अ‍ॅडमिनपण लवकर द्या. आपल्याकडे मुलींना गेमच्या सर्व्हरवर काय काय ऐकावं लागतं ते बहुतेक पोरांना माहीतच नसतं.

आता बाहेरचं दार. हा वेगळा टप्पा आहे आणि सगळ्यांना तिथवर न्यायची गरज नाही. पोरं आधी घरच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी सर्व्हरच्या मशीनकडे वळवणं, करत बसतील आणि काहीच होणार नाही, कारण मोबाइल नेटवर आणि बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे आता प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी नसतो, अनेकांना मिळून एक असतो. ओळखायची खूण सोपी: राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात दिसला, किंवा 'माझा आयपी काय' विचारल्यावर नेट सांगतं त्याहून तो वेगळा निघाला, तर फॉरवर्डिंगमध्ये डोकं घालू नका. एका परीने हे बरंच आहे. मित्रांपुरतं खेळायचं तर टेलस्केल किंवा झीरोटियरसारखं साधन पुरतं. ज्यांना बोलावलं तेवढीच मशीनं एका जाळ्यात येतात, बाकी जगाला सर्व्हर दिसत नाही. माझ्या मते सुट्टीच्या बॅचने इथेच थांबावं.

का थांबावं, हे मात्र पोरांना दाखवा. इथे तुमचा पुण्याचा विद्यार्थी कामाला येतो. त्याला एका रविवारी बोलवा आणि भाड्याच्या एखाद्या लिनक्स सर्व्हरची लॉगिन नोंद पडद्यावर उघडायला सांगा. सर्व्हर कुणाला सांगितलेला नसतो, त्यावर काही ठेवलेलंही नसतं, तरी रूट (मुख्य अ‍ॅडमिन) नावाने पासवर्ड चुकल्याच्या ओळींवर ओळी पडत असतात. कुठल्या कुठल्या देशांतली यंत्रं दिवसरात्र जगभरच्या दारांच्या कड्या वाजवत हिंडतात. त्या सरकत्या ओळी दोन मिनिटं नुसत्या बघितल्या तरी 'पासवर्ड १२३४५६ ठेवू नका' हे वेगळं सांगावं लागत नाही. दोन गोष्टीही सांगू दे त्याला. २०२१ च्या डिसेंबरात 'लॉगफोरजे' नावाच्या जावाच्या एका साध्या नोंद ठेवणाऱ्या घटकात भोक सापडलं, आणि माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली तरी सर्व्हर बाहेरून आणलेला कोड चालवू लागे. ज्यांनी त्या दिवसांत सर्व्हर अद्ययावत केला नाही त्यांच्या मशीनचा ताबा कुणालाही घेता येत होता. दुसरी गोष्ट मिराईची. २०१६ मध्ये घराघरांतले कॅमेरे आणि राउटर काबीज करून हल्ले करणारं जे जाळं उभं राहिलं, ते अमेरिकेतल्या विशीतल्या तीन पोरांनी बनवलेलं होतं, आणि त्यामागचा मूळ उद्योग माइनक्राफ्टचे सर्व्हर पाडण्याचा होता. २०१७ मध्ये त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. तुमच्या बॅचमधल्या सगळ्यांत हुशार पोराला ही गोष्ट विशेष लक्ष देऊन ऐकवा.

भाड्याने सर्व्हर घ्यायचाच म्हणाले, तर तो कुणाच्या नावावर घेणार हे आधी विचारा. अठराच्या आतल्या मुलाचा करार आपल्याकडे धरला जात नाही, म्हणजे कार्ड वडिलांचं आणि नावही वडिलांचं. २०२२ पासून सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशाप्रमाणे असा सर्व्हर भाड्याने देणाऱ्याला गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता पाच वर्षं जपून ठेवावा लागतो. त्या सर्व्हरवरून काही भानगड झाली तर चौकशीचा पहिला फोन वडिलांना. हे पोराला आणि वडिलांना दोघांनाही समोरासमोर सांगा.

आता तुमचा अकरावीवाला.

त्याला हाकलू नका आणि पोलिसांची भीतीही घालू नका. तो बॅचमधला सर्वांत धडपड्या मुलगा आहे. पण त्याचं जे चाललंय ते शिकणं नाही, हे त्याला पटवून द्यावं लागेल, आणि कायद्यापेक्षा त्याच्या फोल्डरपासून सुरुवात केलीत तर लवकर पटेल. त्याला म्हणा, लॅपटॉप घेऊन बस आणि मला तुझा सर्व्हर समजावून सांग. असल्या तयार पॅकमध्ये काय असतं ते तुम्हालाही माहीत असेल. कुणी कुठे बनवल्या ते ठाऊक नसलेल्या डझनभर एक्झी फाइली, एकामागोमाग सगळं चालू करणारी एक बॅच फाइल आणि व्हिडिओत सांगितला तोच पासवर्ड ठेवलेला डेटाबेस. व्हिडिओची पहिली सूचना काय असते? आधी अँटीव्हायरस बंद करा. मग विचारा: ही फाइल काय करते? ही का लागते? खेळाडूंचे पासवर्ड इथे कसे साठतात, उघडे की झाकलेले? त्याला एकाचंही उत्तर देता येणार नाही. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलाय तो, आणि बीळ कुणाचं, त्याला मागून आणखी किती तोंडं आहेत, काही पत्ता नाही. त्याच पीसीवरून त्याचे वडील बँकेचं काम करत असतील, तर हा प्रश्न कॉपीराइटच्या आधी येतो.

कॉपीराइटही सांगायचाच. तो म्हणेल, सगळेच करतात. करतात, आणि त्यांचं पुढे काय होतं तेही नोंदलेलं आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा असाच सर्व्हर चालवून आत वस्तू विकणाऱ्या एका बाईंविरुद्ध २०१० मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने साडेआठ कोटी डॉलरच्या वर निकाल दिला. 'देणगी' म्हणून त्यांनी जे पैसे घेतले होते ते त्यात धरले गेले, देणगी म्हटल्याने काही वाचलं नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. कलम ५२ मध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवायची सूट आहे खरी, पण फुटलेल्या फाइलींवर दुकान मांडायला ती सूट पुरणार नाही.

त्याच्या बाजूनेही एक गोष्ट आहे आणि ती लपवली तर तो तुमचं बाकीचं ऐकणार नाही. 'सिटी ऑफ हीरोज' नावाचा गेम कंपनीने २०१२ मध्ये बंद केला. चाहत्यांनी तो आपल्या सर्व्हरवर जिवंत ठेवला, आणि २०२४ च्या जानेवारीत त्याच कंपनीने त्यांच्यापैकी 'होमकमिंग' या गटाला रीतसर परवाना दिला. वॉरक्राफ्टचंही तसंच. जुन्या आवृत्तीचा 'नोस्टॅल्रियस' हा चाहत्यांचा सर्व्हर २०१६ च्या एप्रिलमध्ये वकिलांच्या नोटिशीमुळे बंद पडला, केवढी ओरड झाली, आणि २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच जुनी आवृत्ती परत आणली. कंपनीने टाकून दिलेला गेम जपणं हे काही हलकं काम नाही. पण होमकमिंगवाल्यांनी परवान्यासाठी कंपनीशी वर्षानुवर्षं बोलणी केली. व्हीआयपी विकून पन्नास-पन्नास रुपये गोळा करण्याशी त्याचा संबंध नाही.

'कमवा आणि शिका' म्हणाला ना तो? साताऱ्यात राहून हे बोलणाऱ्याला उत्तर साताऱ्यातलंच द्या. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथली पोरं स्वयंपाक स्वतः करायची, शेतात राबायची, आणि त्यावर शिकायची. कष्ट त्यांचे स्वतःचे होते. याने दुसऱ्याचं पीक कापून बाजारात नेलंय. कमवायचंच असेल तर दुकानांची वायफाय नीट करून दे, कुणाची वेबसाइट लावून दे, क्लासमध्ये लहान बॅचला मदत कर. शेवटचं काम तुम्ही देऊ शकता, आणि थोडे का होईना, पैसे द्या.

टुर्नामेंटला मात्र लगेच आडवे या. प्रत्येकाकडून पन्नास रुपये घ्यायचे आणि जिंकणाऱ्याला गोळा झालेले द्यायचे, असा बेत असणार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून, पैसे जिंकायच्या आशेने खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. मान्यता असलेल्या ई-स्पोर्ट्सला त्यात वेगळी वाट आहे, पण घरच्या पीसीवरचा सर्व्हर त्या वाटेवर येत नाही. बक्षीस ठेवायचं तर फी न घेता ठेवा. राजवाड्यावरची भेळ ठेवा, पोरं जीव तोडून खेळतील.

मग आवराआवर. व्हीआयपी आजपासून बंद. ज्यांनी नुकतेच पैसे दिले त्यांना परत. बंद होण्याची तारीख सर्व्हरवर लावायची, पंधरा दिवस पुरेत. खेळाडूंना कळवायचं की हाच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथला बदला. तारीख आली की डेटाबेस पुसायचा आणि पीसीवर विंडोज नव्याने टाकायचं. रातोरात गायब होऊ नको म्हणावं. नवख्यांच्या सर्व्हरबद्दल जुन्या खेळाडूंची खरी तक्रार हीच असते की उत्साहाने उघडतात, महिनाभर लोक रात्री जागून काहीतरी उभं करतात आणि एक दिवस पत्ताच लागत नाही. तुमच्या बॅचलाही हाच नियम लावा: सर्व्हर कधी बंद होणार ते पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायचं आणि शेवटी जगाची नक्कल ज्याला हवी त्याच्या पेनड्राइव्हवर द्यायची.

राहिले ते पालक. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. फीच्या पावतीवर 'नेटवर्किंग व सर्व्हर, प्राथमिक' असं लिहा, कारण शिकवताय तेच. खेळायला रोज अर्धा तास, बाकीचा वेळ लॉग (सर्व्हरच्या नोंदी), नियम, बॅकअप. आणि क्लासचा सर्व्हर क्लासच्या वेळेतच चालू, घरून रात्री नाही, हे त्यांना आधीच सांगा. एखाद्या शनिवारी त्यांना बोलावून त्यांच्याच मुलाला विचारायला लावा, "बंद पडला तर तू काय बघतोस आधी?" पोरगं उत्तर द्यायला लागलं की तुम्हाला बोलायची वेळ येणार नाही. आलीच, तर सांगा की पुण्यात लोकांना ज्या कामाचा पगार मिळतो त्याची ही बाराखडी आहे. नोकरी लागेल असं मात्र सांगू नका, सुट्टीच्या बॅचने नोकरी लागत नाही.

तुमची,
सदरलेखिका

ता.क. बॅच सुरू व्हायच्या आदल्या दिवशी क्लासच्या राउटरवर 'एपी आयसोलेशन' नावाचा पर्याय बघा. गेस्ट वायफायवर तो बहुधा चालूच असतो, त्यामुळे एकाच वायफायवरचे दोन फोन एकमेकांना दिसत नाहीत. तो चालू राहिला तर पहिल्या दिवशी एकही पोरगं सर्व्हरमध्ये येणार नाही आणि तुम्ही तासभर फायरवॉलच तपासत बसाल.